मोरेलोने झपताल चोरला म्हणणाऱ्यांनी आधी हातावर मोजावं

पिंपळपार: काल इथे एकाने लिहिलं: "'टेक फाइव्ह'च्या पाच मात्रांचं एवढं कौतुक कशाला? झपताल आपल्याकडे कधीपासून आहे. जो मोरेलो 1958 मध्ये ब्रुबेकबरोबर भारत फिरून गेला आणि 1959 मध्ये रेकॉर्ड निघाली. यातच सगळं आलं." वाचलं आणि झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितोय. ('टेक फाइव्ह' ही पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीची जॅझ रचना, आणि मोरेलो त्या चौकडीचा ड्रमर.)

मी वीस वर्षं तबला वाजवतोय, झपतालाचा अभिमान मलाही आहे. पण जरा मोजा. झपताल दहा मात्रांचा, म्हणजे दोनदा पाच. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन-तीन-दोन-तीन. 'टेक फाइव्ह'मधला पियानो तीन मात्रा झुलतो आणि पुढच्या दोनांवर टेकतो. तीन-दोन. वजनच उलटं आहे. आणि उचललेलं लपवायची त्या मंडळींची रीत नव्हती. त्याच दौऱ्यात तुर्कस्तानच्या रस्त्यावर ब्रुबेकने नऊ मात्रांची लय ऐकली, ती वापरली आणि कुठून घेतली ते स्वतः सांगितलं.

खरी गोष्ट 'टेक फाइव्ह'मधला मोरेलोचा सोलो आहे. ब्रुबेक पियानोवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, आपला पेटीवाला लेहरा धरतो अगदी तसा. त्यावर मोरेलो काय करतो? सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही. दोन ठोके, मग मोकळी जागा. बास ड्रमवर एक, टॉमवर एक, पुन्हा जागा. तो लेहरा ऐकत बसलाय हे आपल्याला ऐकू येतं. मी पंचविशीत हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एका स्पर्धेची तयारी चालली होती, रेल्यावर रेला, म्हणजे वेगवान बोलांच्या लडी, भरत होतो. त्या रात्री निम्मं काढून टाकलं. स्पर्धेत परीक्षक म्हणाले, तयारी कमी पडली. मला आजही वाटतं की त्या दिवशी मी पहिल्यांदा वाजवलं.

ताल-बेताल: ती पोस्ट माझी. तीन-दोन काय आणि दोन-तीन काय, कुठून मोजायला लागता त्यावर आहे. मद्रासला आकाशवाणीवर पळनी सुब्रमणिय पिळ्ळै यांच्या मृदंगाबरोबर मोरेलो वाजवून गेलाय. मुंबईत ब्रुबेक सतारवादक हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर बसला. कर्नाटक संगीतात पाच मात्रांचा खंडचापू ताल रोजच्या जेवणातला. एवढं सगळं कानावर पडून कोरडाच परत गेला म्हणता?

पिंपळपार: कोरडा गेला असं मी कुठे म्हटलं? ऐकलं, भारावला, काही घेतलंही असेल. "चोरला" हा शब्द तुमचा. आणि कुठून मोजायचं ते समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ठरतं, हे तबल्याच्या पहिल्या महिन्यात शिकवतात.

धोबीतलाव: तुम्ही दोघं मात्रा मोजा. माझा प्रश्न वेगळा आहे. मोरेलोवर एवढं लिहिताय, आपल्या मुंबईच्या लेस्ली गोदिन्होंवर कोण लिहिणार? 1968 ची शंकर-जयकिशनची 'रागा जॅझ स्टाइल' काढा. रईस खानांची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन आणि खाली लेस्लींचे ड्रम. रागाला धक्का न लावता स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, कसा ठेवायचा ते त्यात ऐका.

माझे पप्पा गोव्याहून आलेले. दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग, रात्री हॉटेलात बँड. घरी ड्रमसेट वाजवायची सोय नव्हती, चाळीत बोंब झाली असती. उशीवर काठ्या चालायच्या. आई भाजी निवडता निवडता ओळखायची, आज कुठलं गाणं. पडद्यावर पप्पांचं नाव एकदाही आलं नाही. एका निर्मात्याने तर तीन शिफ्टचे पैसे बुडवले. पप्पा गेले तेव्हा पेपरात द्यायला एक धड फोटो नव्हता, ड्रमच्या मागे बसलेला.

वाद्यवृंदवाला: धोबीतलाव, डोळ्यांत पाणी आलं हो. मी ऑर्केस्ट्रात कोंगो वाजवायचो. निवेदक गायकांची नावं तीन-तीनदा घ्यायचा आणि आम्ही "आणि साथीदार".

ताल-बेताल: वाद्यवृंदवाले, तबल्याचंही तेच आहे. गायकाच्या मैफिलीत तबलजीला मानधन किती मिळतं ते विचारा.

हाय-हॅट: धागा पार भरकटला. ड्रमरचा वारसा हा विषय असेल तर मोरेलो मुळात चुकीचा माणूस आहे. कृष्णवर्णीय अमेरिकन ड्रमर मॅक्स रोचने 1957 मध्ये अख्खी रेकॉर्ड तीन मात्रांत केली. 1960 मध्ये 'ड्रायव्हा मॅन'. तेही पाचातच. पहिल्या मात्रेवर रिमशॉट, म्हणजे ड्रमच्या कडेसकट मारलेला फटका, पडतो तो गुलामाच्या पाठीवरचा चाबूक. ॲबी लिंकन गाते आणि अंगावर काटा येतो. ब्रुबेकच्या पाच मात्रा कॉफीबरोबर ऐकायच्या. रोचने नुसत्या हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या दोन झांजांवर, पूर्ण रचना उभी करून दाखवली. नाव मात्र गोऱ्या चौकडीचं झालं. हे का झालं, तेवढं बोला.

पिंपळपार: गोरी चौकडी? बास कोण वाजवत होतं? यूजीन राइट. कृष्णवर्णीय. त्याला बदला म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेकडची कॉलेजं अडून बसली तेव्हा ब्रुबेकने कार्यक्रमांवर पाणी सोडलं, माणूस सोडला नाही. अर्धवट माहितीवर कोणाला असं रंगवू नका, संताप होतो.

रोचबद्दल तुमचं खरं आहे, मान्य करतो. 'ड्रायव्हा मॅन' मी फार उशिरा ऐकलं आणि त्यानंतर 'टेक फाइव्ह' काही दिवस लावता आलं नाही. पण म्हणून मोरेलो हलका होत नाही. जन्मापासून नजर अधू, लहानपणी व्हायोलिन, मग बोस्टनला जॉर्ज लॉरेन्स स्टोनकडे शिक्षण. डाव्या हाताची काठी तो नुसत्या बोटांनी उसळवायचा, मनगट जवळजवळ स्थिर. आमच्याकडे 'तिरकिट' बसवताना गुरुजी हेच सांगतात: हात नको, बोटं. 1963 च्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधला त्याचा लांबलचक सोलो ऐका. मध्येच आवाज इतका खाली नेतो की सभागृह श्वास रोखून बसल्याचं कळतं. पुढे कित्येक वर्षं तो शिकवत राहिला. त्याची बोटं आज शिष्यांच्या हातांत आहेत. वारसा आणखी वेगळा काय असतो?

हाय-हॅट: राइटचं विसरलो होतो, "गोरी चौकडी" मागे घेतो. नाव कोणाचं झालं हा प्रश्न मागे घेत नाही.

धोबीतलाव: नाव कोणाचं झालं, तेच तर मी मघापासून विचारतोय!

ताल-बेताल: दुपारी हेडफोन लावून चार वेळा ऐकलं, मांडीवर टाळी धरून. तीन-दोनच आहे. "चोरला" लिहायला नको होतं. झपतालाची मजा त्यात नाही, हे मात्र ठामपणे सांगतो. सोलोत ज्या जागा सोडल्यात तिथे माझा हात दोनदा आपोआप पडला आणि तिथे काहीच नव्हतं.

धोबीतलाव, पप्पांनी वाजवलेली गाणी तुम्हाला ठाऊक असतील तर इथे लिहा. सिनेमाचं नाव, साल, आठवेल ते. मी ऐकतो.

धोबीतलाव: आई ऐंशीची आहे. तिला उशीवरच्या ठेक्यावरून सगळी पाठ आहेत. रविवारी वही घेऊन बसतो.