तातडीने मदत हवी: अपग्रेडनंतर डेटाबेसची सेटिंग गायब

सचिव_बोरिवली
सोसायटीच्या ऑफिसातल्या पीसीवर आमचा सर्व्हर आहे. रात्री अपग्रेड केला. आता उघडला की थेट 'अॅडमिन खातं तयार करा' असं पान येतं, जणू आजच बसवलाय. सभासदांचं आय रजिस्टर, शेअर सर्टिफिकेटांचे स्कॅन, थकबाकीची यादी सगळं आतच. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायचीय आणि हिशोबपत्रकं त्यातच अडकलीत. डेटाबेसचं जुनं कॉन्फिगरेशन तसंच ठेवून अपग्रेड कसं करायचं, एवढंच सांगा. 'बॅकअप होता का' हे कृपया विचारू नका.

टर्मिनल७
कुठला सर्व्हर? कुठला डेटाबेस? डॉकरवर (प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) की थेट बसवलाय? कुठून कुठे अपग्रेड?
आणि बॅकअप होता का?

पार्लेकर_काका
आम्ही हे सगळं दोन वर्षांपूर्वीच गूगल ड्राइव्हवर हलवलं. १५ जीबी फुकट मिळतात, सोसायटीला पुरून उरतात. हे घरचे सर्व्हर म्हणजे हौस हो.

सचिव_बोरिवली
काका, प्रश्न तो नाहीये. नेक्स्टक्लाउड आहे, म्हणजे आपल्याच पीसीवर फाइली ठेवायचं ड्राइव्हसारखं सॉफ्टवेअर, डॉकरवर. डेटाबेस पोस्टग्रेस. अपग्रेड म्हणजे नेहमी करतात तसंच, कुठला प्रोग्राम कसा चालवायचा ते डॉकरला सांगणाऱ्या कंपोज फाइलमध्ये आवृत्त्यांचे आकडे बदलले आणि चालू केलं.

रात्रपाळी
पासवर्ड जुळत नसणार. कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेसचा पासवर्ड नवा टाका आणि रीस्टार्ट करा.

सायली_डीबीए
@रात्रपाळी, तो पासवर्ड डेटाची जागा रिकामी असताना पहिल्यांदाच वाचला जातो. जुन्या डेटाबेसवर त्याने काडीचाही फरक पडत नाही. शिवाय पासवर्ड चुकला तर एरर येते, खातं तयार करायचं पान नाही. ते पान आलंय म्हणजे नेक्स्टक्लाउडला त्याची सेटिंगची फाइल, कॉन्फिग डॉट पीएचपीच सापडत नाहीये. डेटाबेसचा पत्ता, युजर, पासवर्ड सगळं त्याच फाइलमध्ये असतं. सचिवसाहेब, आकडे बदलण्याआधी नक्की काय काय केलंत?

कोळीवाडा
पोस्टग्रेसऐवजी मारियाडीबी हा डेटाबेस घेतला असता तर ही वेळच आली नसती. पोस्टग्रेसचं दर मोठ्या आवृत्तीला हेच नाटक.

टर्मिनल७
मारियाडीबीचा इथे काय संबंध? ज्याला त्याला आपलंच घोडं दामटायचंय.

रात्रपाळी
मग बंद करायच्या 'डाउन' कमांडला '-व्ही' लावून सगळं साफ करा आणि नव्याने उभं करा. माझं दर वेळी असंच सुटतं.

सायली_डीबीए
अजिबात नको!! '-व्ही'ने व्हॉल्यूमच, म्हणजे डॉकर डेटा ठेवतो त्या जागाच, पुसल्या जातात. सचिवसाहेब, हे वाचत असाल तर कीबोर्डवरून हात काढा आणि आधी मी विचारलंय त्याचं उत्तर द्या.

सचिव_बोरिवली
पुसलं नाहीये काही. जुनं बिघडू नये म्हणून 'सोसायटीन्यू' असं नवं फोल्डर केलं, कंपोज फाइल त्यात कॉपी केली आणि तिथून चालू केलं. याचा काय संबंध?

टर्मिनल७
सगळा संबंध तिथेच आहे, दादा. तुम्ही वेगळं नाव दिलं नसेल तर कंपोज फोल्डरचंच नाव प्रोजेक्टला देतो आणि तेच व्हॉल्यूमच्या नावाच्या सुरुवातीला लावतो. फोल्डर बदललं की नवे, कोरे व्हॉल्यूम. जुना डेटा जागच्या जागी असणार. 'डॉकर व्हॉल्यूम एलएस' चालवा आणि काय दिसतं ते इथे टाका.

सचिव_बोरिवली
सोसायटी_डीबी
सोसायटी_फाइल्स
सोसायटीन्यू_डीबी
सोसायटीन्यू_फाइल्स

म्हणजे आहे सगळं? मग लगेच जुन्या फोल्डरातून नवे आकडे टाकून चालू करतो.

सायली_डीबीए
थांबा! पोस्टग्रेसचा आकडा कितीवरून किती केलात?

सचिव_बोरिवली
१३ चा १७. नेक्स्टक्लाउडला 'लेटेस्ट' लिहिलंय. आधी २८ होता बहुतेक.

सायली_डीबीए
१३ ने लिहिलेल्या फाइली १७ उघडत नाही, 'इनकम्पॅटिबल' म्हणून बंद पडतो. आणि नेक्स्टक्लाउडला मोठ्या आवृत्त्या गाळून उडी मारता येत नाही. २८, २९, ३० असंच एकेक पायरीने.

आधी नव्या फोल्डरात साधा 'डाउन', '-व्ही' न लावता. मग जुन्या फोल्डरात जुने आकडे. बहुतेकवर जाऊ नका, दोन्ही आकडे बघून घ्या. सोसायटी_डीबी व्हॉल्यूममध्ये 'पीजी_व्हर्जन' नावाची फाइल आहे, तिच्यात फक्त आकडा असतो. नेक्स्टक्लाउडचा आकडा जुन्या कॉन्फिग डॉट पीएचपीत 'व्हर्जन'च्या ओळीत मिळेल. कंपोज फाइलमध्ये वर 'नेम: सोसायटी' लिहून टाका, म्हणजे पुढे फोल्डर कुठेही हलवा, व्हॉल्यूम तेच राहतील.

पोस्टग्रेस वर न्यायचा तर चालू असलेल्या १३ मधून 'पीजी_डंपऑल'ने डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एक फाइल, काढायचा आणि १७ च्या कोऱ्या व्हॉल्यूममध्ये भरायचा. युजर आणि त्यांचे पासवर्ड त्यात येतात. पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ आणि पीजी_एचबीए डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइली मात्र येत नाहीत. त्यांत हाताने काही बदललं असेल तर त्या फाइली वेगळ्या काढून ठेवा. पण जुन्या जशाच्या तशा नव्यावर टाकू नका, बदललेल्या तेवढ्याच ओळी न्या.

कोळीवाडा
बघा, म्हणूनच म्हटलं मारियाडीबी.

पार्लेकर_काका
ड्राइव्हवर हे डंपबिंप काही लागत नाही.

सचिव_बोरिवली
आलं! जुन्या आकड्यांवर सगळं दिसतंय, २८ आणि १३ च होते. ताई, लाख आभार. सभा होईपर्यंत आता हात लावत नाही.

टर्मिनल७
अपग्रेडला लावू नका. डंप मात्र आजच काढा, फाइल्सच्या व्हॉल्यूमचीही कॉपी घ्या, आणि दोन्ही त्या पीसीच्या बाहेर ठेवा.

रात्रपाळी
सचिवसाहेब, यूपीएस कुठला वापरता? आमचा पावसाळ्यात दोनदा गेला.