वजनदार टेलिफोटो लेन्स दिवसभर कशी वागवता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मी बडोद्याची. हिवाळ्यात पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) आले की डभोईजवळच्या वढवाणा तलावावर पहाटेच जाते. पक्षी दूर पाण्यात असतात, त्यामुळे निकॉनची २००-५०० मिमी लेन्स लागतेच. तिचंच वजन २.३ किलो, वर कॅमेरा. बांधावरून तासभर चाललं की मान आणि उजवा खांदा भरून येतो, आणि उडत्या थव्यावर लेन्स धरताना हात थरथरतो.

गळ्यातला पट्टा आता नकोच. तिरका पट्टा लेन्सच्या कॉलरच्या (लेन्सभोवतीच्या कड्याच्या) पायाला स्क्रूने अडकवते, म्हणजे सगळा भार कॅमेऱ्याच्या माउंटवर (लेन्स जोडतात त्या जागेवर) येत नाही. पण चालताना लेन्स मांडीवर आपटत राहते, आणि तो स्क्रू सैल होईल ही धास्ती वेगळीच. सुरक्षेसाठी दुसरी दोरी कुणी बांधतं का? कुठे?

दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा हार्नेस बारीक चणीच्या बाईला नीट बसतो का? पाठीवर पाण्याची पिशवीही असते. मोनोपॉड (एकपायी स्टँड) स्थिर पक्ष्यांना उत्तम, उडत्यांना मला अडचणीचा वाटतो.

हलकी लेन्स घ्या, हे कृपया सुचवू नका; हिच्यातून येणारे पिसांचे बारकावे मला सोडवत नाहीत. बडोद्यात हार्नेस घालून बघता येईल असं दुकान माहीत असेल तर जरूर कळवा.