ग्रे म्हणजे डुप्लिकेट नव्हे

ग्रे मार्केटचे स्नीकर्स म्हणजे डुप्लिकेटच, हे काही पटलं नाही. माल अस्सल असतो, फक्त कंपनीच्या अधिकृत वाटेने आलेला नसतो. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सॅमसंगच्या प्रिंटरच्या खटल्यात अशा आयातीला मोकळीक दिली, पण कंपनीची वॉरंटी नाही हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला लावलं. घोडं पेंड खातं ते इथंच. वाशीत घेतलेल्या माझ्या जोडीबद्दल दुकानदाराने चकार शब्द काढला नव्हता. वर्षभरात सोलचा भुगा! सोलमधलं पॉलियुरेथेन (एक प्रकारचं प्लास्टिक) बूट न घालताही दमट हवेत विरतं, आणि आपली खाडीकाठची हवा तर विचारूच नका. न्हावा शेव्याला कस्टम चुकवून आलेला माल मात्र सरळ तस्करीचा. आता 'पक्कं बिल कशाला, साहेब?' ऐकलं की मी काढता पाय घेतो.