घरचा सर्किट बोर्ड: सीएनसी राउटरने (संगणकावर चालणाऱ्या कोरणी यंत्राने) कोरावा की फेरिकमध्ये बुडवावा?

कार्बाइड
एखादाच नमुना बोर्ड हवा असेल तर फेरिक क्लोराइडच्या (नको असलेलं तांबं विरघळवणाऱ्या द्रावणाच्या) वाटेला जाऊच नये, असं माझं मत. छापील नक्षीचा टोनर तांब्यावर अर्धवट उतरणं, हातावरचे डाग, आणि शेवटी तांबं विरघळलेलं ते पाणी टाकायचं कुठे हा घोर, सगळंच टळतं. 30 अंशांचं, 0.1 मिमी टोकाचं व्ही-बिट (निमुळत्या टोकाचं कापणारं हत्यार), 10,000 आरपीएम, फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला 150 मिमी, खोली 0.1 मिमी. तांब्याचा थर 0.035 मिमीच असतो, तेव्हा एवढं पुरे. भोकंही त्याच सेटअपमध्ये पाडली की पॅडच्या (पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या ठिपक्याच्या) बरोबर मधोमध येतात.

फेरिकवाला
0.1 मिमी बोलायला सोपं आहे. 100 मिमीचा एफआर-4 (काचतंतू आणि इपॉक्सीचा नेहमीचा बोर्ड) फक्त कडांना दाबून बसवलात तर मध्ये सहज 0.2 मिमी फुगतो. मग एकीकडे बिट तांब्याला टेकत नाही, दुसरीकडे फायबरात घुसतं. व्ही-बिट खोल गेलं की चर रुंदावतो आणि ट्रॅक (शेजारची तांब्याची वाट) बारीक होतो. एचिंगला (द्रावणाने तांबं विरघळवण्याला) बोर्डाच्या वाकडेपणाशी देणंघेणं नाही.

कार्बाइड
अहो, प्रोबिंग कशासाठी असतं? स्पिंडल बंद ठेवून एक क्लिप तांब्याला, दुसरी बिटला लावा आणि 10 मिमीच्या जाळीवर बिट टेकवत हाइट मॅप (पृष्ठभागाच्या उंचीचा नकाशा) घ्या. कँडल किंवा बीसीएनसी हे यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर त्यावरून झेड (बिटची उंची) सुधारतं. चराची रुंदी म्हणजे टोक + 2 × खोली × टॅन (अर्धा कोन). 30 अंशांना 0.1 खोलीवर 0.154 मिमी, 0.2 वर 0.207. 60 अंशांचं बिट लावलंत तर 0.215 आणि 0.331. तुमची तक्रार खरी आहे, पण ती 60 अंशांच्या बिटची.

शून्य ओहम
दोघंही रनआउट, म्हणजे फिरताना बिटचं डगमगणं, विसरलात. डायल इंडिकेटरवर 0.05 मिमी रनआउट दिसला की तो 0.154 चा चर 0.2 च्या वर जातो. 0.5 मिमी पिचच्या (दोन पायांच्या मध्यांतल्या अंतराच्या) आयसीत पॅडांमधली जागाच जेमतेम 0.2! फ्लॅटकॅममध्ये (बिटचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टूलचा व्यास या जागेपेक्षा मोठा पडला तर तिथे रेघच निघत नाही, पाय जोडलेलेच राहतात. व्यास खोटा कमी टाकलात तर रेघ निघते, पण पॅड कुरतडले जातात. 0.8 पिचपर्यंत राउटर, त्याखाली ड्राय फिल्म (प्रकाशाने घट्ट होणारा थर) आणि यूव्ही दिवा वापरून एचिंग.

फेरिकवाला
शेवटी आलातच ना फिल्मवर! आणि धुळीचं काय? एफआर-4 ची धूळ म्हणजे काचतंतू. साधा व्हॅक्यूम बारीक कण मागून परत खोलीत सोडतो. हेपा (अतिबारीक कण अडवणारा) फिल्टर आणि मास्क हवाच, फुंकर तर मुळीच नको.

कार्बाइड
धुळीचं मान्य. एफआर-1 घ्या, त्यात काच नाही, कागद-फिनॉलिक आहे आणि बिटही जास्त टिकतं. फक्त सोल्डरिंग आयर्न पॅडवर रेंगाळलं तर पॅड उचलला जातो.

शून्य ओहम
घरच्या बोर्डावर सोल्डर मास्क (सोल्डर पसरू न देणारा रंगाचा थर) नसतो, म्हणून एका पासवर (बिटच्या एका फेरीवर) थांबू नका. तीन पास, 20 टक्के ओव्हरलॅप, म्हणजे चर 0.4 मिमी होतो आणि सोल्डरचे पूल कमी पडतात (जागा असेल तिथेच, अर्थात). मग बारीक सँडपेपरने बर (कडेला उरलेले तांब्याचे कंगोरे) काढा. एकाच बाजूला तांबं असलेला एफआर-4 असेल तर दिव्यासमोर धरा: कापलेला चर उजळ दिसतो. मध्येच काळी रेघ दिसली तर तिथे तांब्याचा केस राहिलाय. ब्लेडने खरवडा आणि मगच मीटर लावा.