अनुभव धागा : रेझिन किटचे भाग जोडण्याआधी तुम्ही काय करता?

चवथ झाली, माटोळीची फळं वाटून संपली, पाऊस अजून रेंगाळतोय. विमानं-जहाजांच्या छोट्या प्रतिकृतींचे किट घेऊन बसायचे हे दिवस. प्लास्टिककडून नुकतीच रेझिनकडे वळलेली दोन मुलं परवा तोंड पाडून माझ्याकडे आली. दोघांचं गाऱ्हाणं एकच, रंग सुटतो. म्हणून हा धागा. डबा उघडल्यापासून गोंदाचा पहिला थेंब लागेपर्यंत काय करता, कुठे चुकलात, वर आपल्या गावाचं नाव टाकून सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

वास्को
माझं पहिलं रेझिन म्हणजे नौदलाच्या सी हॅरियर लढाऊ विमानाचं नाक, १:७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं. वडील आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर होते, दाबोळीवरून उडणारी ही विमानं बघतच मी वाढलो. २०१६ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हाच ठरवलं, एक आपल्या हातानं करायचं. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन खऱ्या विमानाचे फोटो काढले, राखाडी छटा जुळवल्या, तीन आठवडे खपलो. शेवटी रंगाची कड आखायला लावलेली मास्किंग टेप ओढली तर टेपला चिकटून प्रायमरसकट, म्हणजे रंगाखालच्या अस्तरासकट, रंगाची सालच निघाली. खाली पिवळट रेझिन लख्ख उघडं.
रेझिन सिलिकॉनच्या साच्यात ओततात. भाग अलगद सुटावा म्हणून साच्याला मोल्ड रिलीज नावाचं तेलकट द्रव्य मारतात, त्याचा थर भागावर राहतो. मी धुतलंच नव्हतं. आता कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि मऊ झालेला जुना टूथब्रश घेतो. पॅनल लाइनच्या (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या रेषांच्या) खाचांत ब्रश आडवा-उभा फिरवायचा, स्वच्छ पाण्यात खळबळायचं, टॉवेलवर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवायचं. कापून-घासून झालं की प्रायमरआधी पुन्हा एकदा धुतो, कारण बोटांचं तेलही तितकंच वाईट.

डिचोली
धुताना बेसिनमध्ये चहाची गाळणी ठेवा. माझं इजेक्शन सीटचं हँडल मोरीतून गेलं ते गेलंच.

माशेल
आमच्या घरी गणपतीची चित्रशाळा आहे. साच्यातून काढलेल्या मातीची शिवण बाबा ओल्या बोटानं मोडतात. लहानपणापासून तेच बघितल्यामुळे रेझिनलाही मी तसाच हात लावायला गेलो. पण माती ऐकते, रेझिन ऐकत नाही. भागाला चिकटून आलेला ओतकामाचा जादा ठोकळा पक्कडीनं तोडायला गेलो नि पंखाच्या मुळाचा टवका उडाला.
आता बारीक दातांची करवत वापरतो, तीही जोर न देता, तिच्या वजनानंच चालू द्यायची. रेषेपासून १ मिमी अलीकडेच कापतो. उरलेलं काचेवर ४०० नंबरचा ओला पॉलिश पेपर ठेवून घासतो, मग ६००, मग ८००. दर दहा-बारा हातांनी भाग उचलून समोरच्या तुकड्याला लावून बघायचा. एका बाजूनं जास्त दाब पडला की तिरका झिजतो आणि मग पूर्ण विमान वाकडं दिसतं. बाबांनी एकदा शेजारी बसून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "घाई केलीस तिथे खड्डा पडला, बघ." खरंच पडला होता.

फोंडा
मी दाताच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या घासताना आमच्याकडे धूळ ओढणारं यंत्र चालूच असतं, म्हणून घरी नवऱ्याला कोरडं रेझिन घासताना बघून मी ओरडलेच. ही पूड इतकी बारीक असते की दिसायच्या आत फुप्फुसात जाते. ओलंच घासा, एन-९५ लावा, झाल्यावर टेबल ओल्या फडक्यानं पुसा, झाडू मारू नका. घरात लहान मूल असेल तर दुसऱ्या खोलीत बसा. यात तडजोड नको, कळकळीनं सांगते.

मडगाव
१८ डिसेंबर १९६१ ला मुरगाव बंदरात आपल्या नौदलाशी लढलेली पोर्तुगीज युद्धनौका 'अफोन्सो द आल्बुकर्क' करायला घेतलीय, दुसऱ्या एका जहाजाच्या रेझिन भागांवरून. तळ केळ्यासारखा वाकलेला आला. वाफाळत्या पाण्यात मिनिटभर बुडवला, मऊ झाल्यावर दोन काचांमध्ये दाबला आणि तसाच नळाखाली थंड केला. सरळ झाला. मग मे महिन्यात दुपारभर गाडीत राहिला आणि परत वाकला! उष्णतेनं सरळ होतो तसा उष्णतेनंच बिघडतो.

पेडणे
हवेच्या बुडबुड्यांची भोकं मी सुपरग्लूनं भरतो, टाचणीच्या टोकानं. पूर्ण कडक व्हायच्या आत घासून घ्या, नाहीतर तो रेझिनपेक्षा कठीण होतो आणि बाजूचं रेझिनच झिजतं. आपल्या दमट हवेत तो पटकन धरतो आणि भोवती पांढरी बुरशीसारखी झाक सोडतो. म्हणून अगदी थोडाच लावतो आणि पंखा चालू ठेवतो.
प्लास्टिकचं सिमेंट, म्हणजे प्लास्टिक किटचा नेहमीचा गोंद, वापरलं तर चालेल का, असं कुणीतरी विचारलं होतं. नाही. ते पॉलिस्टायरिन, म्हणजे त्या किटचं प्लास्टिक, विरघळवून जोडतं, रेझिनवर त्याचा काही परिणाम होत नाही. सुपरग्लू किंवा इपॉक्सी. जड भागाला बारीक ड्रिलनं भोक पाडून पितळी तारेची खीळ घालाच.

पर्वरी
थ्रीडी प्रिंटवाल्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं करू नये. आमचं रेझिन आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवावं लागतं, हातमोजे घालून, मग यूव्ही प्रकाशात पक्कं करावं लागतं. कच्चं रेझिन त्वचेला बाधतं. वापरलेलं अल्कोहोल मोरीत ओतू नका, पाण्यातल्या जिवांना ते घातक आहे. मी बरणीत उन्हात ठेवतो, रेझिन घट्ट होऊन तळाशी बसलं की गाळून घेतो.

म्हापसा
काका, मी त्या दोघांतला एक. सगळा रंग काढला, भाग तुम्ही सांगितले तसे दोनदा धुतले. पहिल्या पाण्यावर तेलाचा तवंग आला, आईलाही दाखवला. आज दुपारी प्रायमर वाळल्यावर पंखावर टेप दाबून लावली आणि ओढली. टेप कोरी आली.