अमेरिकेतल्या छोट्या सार्वजनिक वाचनालयाला गॅझबीची नवी मानकं कशी लावावीत? सल्ला हवा आहे

पानपलटी
इलिनॉयमधल्या एका छोट्या लायब्ररी डिस्ट्रिक्टचे हिशेब बघते. वर्ष 30 जून 2026 ला संपतंय. हिशेब पूर्ण गॅपनुसार (अमेरिकेतली सर्वमान्य हिशेबतत्त्वं) आहेत, नुसते रोखीचे नाहीत. ऑडिटरचं म्हणणं, गॅझबीची (सरकारी संस्थांच्या हिशेबाचे नियम ठरवणारं अमेरिकी मंडळ) मानकं 87 (भाडेकरार), 96 (सॉफ्टवेअर-वर्गण्या) आणि 101 (कर्मचाऱ्यांच्या रजा) धड लावलेली नाहीत, आणि यंदा 103 (अहवालाची मांडणी), 104 (भांडवली मालमत्तेच्या टिपा) पण आहेत. आमच्याकडे भाड्याची दोन कॉपियर, क्लाउडवरची कॅटलॉग आणि देवघेवीची सिस्टीम (तीन वर्षांचा करार, वर्षाचे 18,000 डॉलर आगाऊ), ई-बुक आणि डेटाबेसच्या वर्गण्या, 14 कर्मचारी आणि वर्षाला साधारण 60,000 डॉलरची पुस्तकखरेदी. वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं का? सुरुवात कुठून करू?

खतावणी
सॉफ्टवेअर नको. एवढ्या करारांना एक्सेल पुष्कळ झालं. मानकांचा मूळ मजकूर गॅझबीच्या साइटवर फुकट वाचता येतो.

आधी आकडेमोड करू नका, करार वाचा. वर्षभरात ज्यांना ठरावीक रक्कम जाते त्या सगळ्यांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा: सुरुवातीची तारीख, मुदत, मुदतवाढीचा पर्याय कोणाकडे, करार मोडायचा हक्क कोणाला, हप्ता आगाऊ की मागाहून, त्यात देखभालीचा भाग किती. सगळ्यात जास्त चुका 'मोडायचा हक्क' या रकान्यात होतात. दोघांनाही एकमेकांना न विचारता मोडता येत असेल, तर तो काळ मुदतीत धरायचाच नाही. कागदावर तीन वर्षं लिहिलेली असली तरी 60 दिवसांच्या नोटिशीवर दोघेही मोकळे होत असतील, तर हिशेबापुरता तो 60 दिवसांचाच करार. हक्क फक्त वाचनालयाला असेल, तर तुम्ही तो वापरणार नाही याची वाजवी खात्री आहे का, ते बघायचं. 'बजेटमध्ये तरतूद झाली नाही तर करार संपेल' हे कलम जवळपास सगळीकडे असतं. ते खरंच वापरलं जाईल अशी वाजवी खात्री असल्याशिवाय त्याने मुदत कमी होत नाही.

मग 12 महिन्यांची कसोटी. मुदतवाढीसकट जास्तीत जास्त शक्य मुदत 12 महिने किंवा कमी असेल तरच सरळ खर्चात टाका; नाहीतर वापराचा हक्क मालमत्ता आणि उरलेले हप्ते देणं म्हणून नोंदवायचे. 'आम्ही वाढवणार नाही आहोत' हे इथे चालत नाही. वाढवता येतं ना, मग मोजायचं.

तुमच्या सिस्टीमचं गणित, 1 जुलैला सुरू आणि दर 5 टक्के धरून (करारात दर नसेल तर वाचनालयाला कर्ज ज्या दराने मिळेल तो अंदाजे घ्या):
पहिला हप्ता 18,000 तिथल्या तिथे दिला. उरलेल्या दोन हप्त्यांचं आजचं मूल्य 17,142.86 + 16,326.53 = 33,469.39, हे देणं. सेटिंग लावून सिस्टीम चालू करून द्यायचे समजा 6,000 घेतले, तर ते मालमत्तेत. स्टाफच्या ट्रेनिंगचे पैसे मात्र खर्चातच, ते मालमत्तेत कधीच जात नाहीत. म्हणजे मालमत्ता 57,469.39, तीन वर्षांत समान वाटली की वर्षाला 19,156.46. पहिल्या वर्षाचं व्याज 1,673.47. दुसऱ्या हप्त्यातले एवढे व्याजाचे, बाकी 16,326.53 मुद्दल.

सिस्टीम कन्सॉर्शियममार्फत (वाचनालयांच्या गटामार्फत) असेल तर आधी करारावर सही कोणाची ते बघा. तुमची नुसती सभासद-वर्गणी जात असेल, तर हा सगळा खटाटोप कदाचित तुमचा नाहीच.

रोजकीर्द
कॉपियरबद्दल. महिन्याच्या बिलात मशिनचं भाडं आणि टोनर-दुरुस्ती एकत्र असते. दुरुस्तीचा भाग वेगळा काढा, तो 87 मध्ये येत नाही. प्रत्येक कॉपीमागे जे सेंट लागतात ते वापरावर अवलंबून, तेही देण्यात धरायचे नाहीत. मशिनचं निव्वळ भाडं 450 डॉलर, 60 महिने, 5 टक्के, हप्ता महिन्याच्या सुरुवातीला असेल तर देणं (पहिला हप्ता धरून) साधारण 23,945 येतं. हप्ता महिनाअखेरीस असेल तर 23,846. एक्सेलच्या पीव्ही (आजचं मूल्य काढायच्या) सूत्रात शेवटचा 1, म्हणजे हप्ता सुरुवातीला असल्याची खूण, विसरला की हा फरक पडतो आणि ऑडिटर नेमका तोच पकडतो.

ई-बुक आणि डेटाबेसना एकच प्रश्न विचारा: पैसे सॉफ्टवेअर वापरायच्या हक्काचे आहेत की मजकूर वाचायच्या? माझ्या मते नुसता मजकूर 96 मध्ये ओढू नये, साधा खर्च दाखवावा. पण कारण अर्ध्या पानात लिहून फाइलला लावा आणि ऑडिटरची संमती आत्ताच घ्या, सप्टेंबरात नको.

पानपलटी
आता लक्षात आलं. पण जनरल फंडात (रोजच्या कामकाजाच्या मुख्य निधीत) पहिल्याच वर्षी एवढा मोठा आकडा भांडवली खर्च म्हणून दिसेल ना? बोर्ड म्हणेल बजेट ओलांडलं.

खतावणी
दिसणारच. फंडात 57,469 भांडवली खर्च आणि समोर 33,469 'इतर वित्तीय स्रोत' (म्हणजे उधारीने भागवलेला भाग). निव्वळ फरक 24,000, म्हणजे खिशातून गेले तेवढेच. पण खर्चाच्या ओळीवर बजेट फुटतं. उपाय एकच: करारावर सही करताना त्याच सभेत बजेट दुरुस्तीचा ठराव घ्या. पुढच्या वर्षांचे हप्ते फंडात मुद्दल आणि व्याज असे दोन भाग करून दाखवायचे; जुन्या सवयीने 'सॉफ्टवेअर वर्गणी'त टाकू नका.

आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही. 87, 96, 101 आधीच्या वर्षांत लागू झालेली आहेत. तेव्हा लावायची राहिली आणि रक्कम मोठी असेल, तर ती आता हिशेब-धोरणातला बदल नाही, चूक-दुरुस्ती आहे. 100 क्रमांकाच्या मानकात दोन्हींचे नियम वेगळे आहेत. टिपेत शब्द बरोबर वापरा.

तेरीज
101 माझ्याकडे. रजा तीन अटींत बसली की देणं धरायचं: काम करून कमावलेली, पुढच्या वर्षी नेता येणारी, आणि वापरली किंवा पैशात दिली जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. प्रसूती-पालकत्वाची रजा, ज्यूरी ड्यूटी वगैरे प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत धरायची नाही.

पानपलटी
आमच्याकडे आजारपणाच्या रजेचे पैसे नोकरी सोडताना मिळत नाहीत. तरी धरायची?

तेरीज
हो, इथेच सगळे अडकतात. मिळत नसले तरी ती रजा वापरली जातेच. पेरोलमधून मागच्या तीन-चार वर्षांची शिल्लक, नवी जमा आणि वापर काढा. समजा एकीची शिल्लक 400 तास, तुमच्या अनुभवानुसार त्यातली 60 टक्के वापरली जाते, दर तासाला 28 डॉलर: 6,720. त्यावर वाचनालयाचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा वाटा 7.65 टक्के, 514.08. एकूण 7,234.08. ठरावीक लाभाच्या पेन्शनची वर्गणी यात मिळवू नका. दर वर्षअखेरचा घ्या, सरासरी नको.

आता पुस्तकं. समजा तुमची मर्यादा 5,000 डॉलर आहे, म्हणजे त्याखालची वस्तू मालमत्ता न धरता खर्चात टाकता; एकेक पुस्तक त्याखाली असणारच, म्हणून बरीच वाचनालयं सगळंच खर्चात टाकतात. गॅझबीच्या 2021 च्या अंमलबजावणी मार्गदर्शिकेतल्या 5.1 प्रश्नाने ती पळवाट बंद केली: सुटी किंमत कमी पण एकत्रित रक्कम लक्षणीय, तर मालमत्ता धरा. उदाहरणांत वाचनालयाची पुस्तकं स्पष्ट लिहिलेली आहेत. पण पुस्तकवार नोंदवही ठेवायच्या फंदात पडू नका. एका वर्षाची खरेदी म्हणजे एक गट. 60,000 सात वर्षांत म्हणजे वर्षाला 8,571, सात वर्षं झाली की गट वहीतून बाहेर. बाद केलेल्या पुस्तकांचा वेगळा हिशेब लागत नाही. किती वर्षं धरायची ते मात्र बोर्डाच्या धोरणात लिहून घ्या.

रोजकीर्द
103 चं काम लेखनाचं जास्त आहे. व्यवस्थापनाच्या विवेचनात (हिशेबांना जोडायच्या स्पष्टीकरणात) गेल्या वर्षीचा मजकूर आकडे बदलून चिकटवू नका; 'कर-उत्पन्न 4 टक्के वाढलं' एवढं पुरत नाही, का वाढलं ते लिहा. बजेट-तुलना आता पूरक माहितीतच जाईल. तिथे फरकाचे दोन रकाने: मूळ आणि अंतिम बजेट, अंतिम बजेट आणि प्रत्यक्ष. मोठ्या फरकांची कारणं खालच्या टिपांत. वर खतावणींनी सांगितलेला बजेट दुरुस्तीचा ठराव इथे बरोबर पहिल्या रकान्यात उमटेल, तेव्हा ठरावाची तारीख हाताशी ठेवा.

104 साठी भांडवली मालमत्तेच्या तक्त्यात कॉपियर आणि सॉफ्टवेअर-वर्गणीच्या ओळी बाकीच्यांपासून वेगळ्या करा. एखादी जुनी व्हॅन किंवा इमारत विकायला काढली असेल तर तीही सांगून ठेवा, त्याचीही टीप लागते.