नाताळचे जुने उंट दुरुस्त करायचे की भंगारात द्यायचे?

कुंडलिकाकाठ
आमच्या चर्चच्या आवारात, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नाताळचा जुना देखावा पडून आहे. आठ फुटी तारा, गव्हाण, तीन उंट आणि त्यांच्यावर बसलेले मागी, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले ज्ञानी लोक. जालना म्हणजे सळईचं गाव. रोलिंग मिलमध्ये कामाला असणाऱ्या आमच्याच मंडळीतल्या माणसांनी 1987 साली सुट्टीच्या दिवशी सळई वाकवून, वेल्डिंग मारून हे सांगाडे उभे केले. माझे वडील त्यांच्यात होते. सगळे मिळून 140 झिरो बल्ब. उंटाच्या पायांना तीन वेगवेगळ्या ओळी, आणि एका लाकडी रोलरवर पितळी पट्ट्या ठोकलेल्या. पंख्याच्या मोटरीवर रोलर फिरला की ओळी एकामागून एक पेटायच्या आणि उंट चालायला लागायचे. शेजारच्या मोहल्ल्यातली, वाड्यातली लेकरं फक्त ते बघायला यायची.

पाच वर्षांपासून हे बंद आहे. दर डिसेंबरला आम्ही मंडपवाल्याकडून लायटिंग भाड्याने आणतो. मागच्या वर्षी दहा रात्रींचे 14 हजार गेले. आता पंच कमिटीत दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात, लोखंड किलोवर घाला आणि चिनी माळा घ्या.

माझं म्हणणं असं, की लोखंड ठेवा, पण वायर एक वीतसुद्धा ठेवू नका. मी आणि माझ्या पुतण्याने एक उंट उचलून पाहिला. गंज वरवरचा आहे, फक्त दोन ठिकाणी जोड सुटलाय. तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइडचा एक हात आणि ऑइल पेंटचे दोन हात मारले की सांगाडा पुढची वीस वर्षं निघेल. वायरीचं मात्र काही राहिलेलं नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी असते, त्यात तिचं प्लास्टिक वाळून बोटाने तुकडे पडतायत. उरलेलं उंदरांनी कुरतडलंय. होल्डर बरेचसे चांगले आहेत, साधारण 60 बदलावे लागतील. पितळी पिनांवर हिरवा थर चढलाय तेवढा कानसने निघतो.

हिशेब असा केलाय: अर्ध्या वॅटचे 140 एलईडी बल्ब 2,800, होल्डर 1,100, दोन कोअरची वायर 3,000, रंग 1,200, करंटची गळती पकडून वीज तोडणारा आरसीसीबी स्विच 2,000. दहा हजारांच्या आसपास. मजुरी आमची. एका वर्षाच्या भाड्यापेक्षा कमी.

जुना वायरमन
भाऊ, तीस वर्षं वायरमनकी केली म्हणून स्पष्ट लिहितो. हे करू नका.

उघड्यावरचा लोखंडी सांगाडा, त्याला 140 होल्डर, आणि प्रत्येक होल्डरला 230 व्होल्ट. म्हणजे 140 ठिकाणी फेज लोखंडाच्या बोटभर अंतरावर आहे. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे दव पडतं, लोखंड ओलं होतं. एका मंडपात कमानीत करंट उतरलेला मी पाहिलाय. पोराने नुसता हात टेकवला होता. वाचला, कारण पायात रबरी चप्पल होती. त्यानंतर मी लोखंडी कमानीचं काम घेणं सोडलं.

जुन्या झिरो बल्बमागे तर लागूच नका. नाव झिरो, पण एकेक 15 वॅट खातो. 140 बल्बांचे 2,100 वॅट, म्हणजे नऊ अँपिअर, आणि ते तुम्ही बहुतेक कुठल्यातरी पाच अँपिअरच्या प्लगमधून ओढत होतात. प्लग काळा पडलेला आठवतो का?

कुंडलिकाकाठ
आठवतो काका. 1990 च्या दशकात दोनदा वितळला. लोड तुम्ही बरोबर सांगितलात. रोज पाच तास आणि दहा रात्री धरल्या तर 105 युनिट व्हायचे. अर्ध्या वॅटच्या बल्बांनी तेच काम साडेतीन युनिटांत होतं. शॉकचं मात्र मी हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी धरलाय, आणि प्रत्येक सांगाड्याला वेगळी अर्थिंग. आमच्याकडे काळी माती आहे, डिसेंबरात ती खाली ओलसर असते, शिवाय खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतू.

पहाटफेरी
मी दोघांच्याही विरोधात आहे.

आमच्या वसतिगृहातल्या मुलींना थंडीत अंगावर घ्यायला धड चादरी नाहीत. यंदा कापसाने काय दिलं ते घराघरात माहीत आहे. अशा वर्षी दहा हजार काय आणि चौदा हजार काय, लोखंडी उंटावर कशाला घालायचे? बांबूच्या कामट्यांचा, जिलेटिन कागदाचा तारा आमच्या महिला मंडळाच्या बायका दीडशे रुपयांत बांधतात. आत एक बल्ब. घरटी एक तारा टांगला तरी सगळी आळी उजळते. दादा, तुमच्या वडिलांच्या कष्टांचा मला आदर आहे. पण ज्या बाळाचा देखावा आपण उभा करतो, त्याला गोठ्यात जागा मिळाली होती, हे आपण विसरतोय असं मला मनापासून वाटतं.

दुधनाकाठ
ताई, चादरी आन् उंट यात भांडण कशाला लावता? भाड्याचे 14 हजार तर दरसाल चाललेच ना? ते थांबले की चादरी त्यातूनच निघतील.

माझं भांडण एलईडीशी हाय. तो पांढराफटक उजेड नाताळचा वाटतच नाही. आमच्या गावात आम्ही जुन्या बल्बाचीच युक्ती केली. दोन-दोन झिरो बल्ब एकापाठी एक, सिरीजमधी जोडले. दोघांना मिळून 230, म्हणजे एकेकाला अर्धा दाब. तार लालसर निखाऱ्यासारखी तापते, वीज एक तृतीयांश लागते, आन् बल्ब वर्षानुवर्षं उडत नाही. सात वर्षं झाली, एक बल्ब बदलला नाही. एवढंच की जोडीतला एक गेला की दुसराबी विझतो.

जुना वायरमन
युक्ती खरी आहे, आम्ही जिन्यातल्या दिव्यांना करायचो. पण अर्ध्या दाबावर उजेड दहावा हिस्सा उरतो. तुमच्या गावात काळोख असेल तर ते निखारे दिसतील. जालन्यात रस्त्यावर एलईडीचे दिवे लागलेत, त्यांच्यासमोर तुमचा उंट दिसणारच नाही.

छावणीकर
जुन्या बल्बांबद्दल एवढी माया का, ते मला कळत नाही. नाताळच्या झाडाला विजेचे दिवे पहिल्यांदा लावले ते 1882 साली, न्यूयॉर्कमध्ये, एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी. लाल, पांढरे, निळे मिळून 80 बल्ब, आणि झाड फिरतं ठेवलेलं. तेव्हा ती नवलाई होती. त्याआधी मेणबत्त्या होत्या. आपल्याकडे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, त्या एकोणिसाव्या शतकात नाताळ साजरा व्हायचा तो तेलाच्या दिव्यावर. प्रत्येक पिढीने हाताशी जे होतं ते वापरलं. आपणही 12 व्होल्टची एलईडी पट्टी त्याच सांगाड्यावर गुंडाळावी. शॉकची भीती संपली, होल्डर नकोत, 140 बल्ब नकोत. वायरमन काकांचं समाधान, तुमचे उंटही वाचले.

कुंडलिकाकाठ
12 व्होल्टवर मी फार विचार केला. उंट गेटजवळ उभे राहतात, वीज 20 मीटर लांब चर्चच्या मागच्या खोलीत. 60 वॅटला 12 व्होल्टवर पाच अँपिअर लागतात. एक चौरस मिलिमीटरच्या वायरीतून जाऊन-येऊन 40 मीटर धरले तर साडेतीन व्होल्ट वाटेतच जातात. शेवटचा उंट निस्तेज दिसेल. म्हणजे पॉवर सप्लाय उंटाजवळच हवा, पाणी शिरणार नाही अशा डब्यात. तो खर्च माझ्या हिशेबात नाही.

दुसरं असं, की पट्टीने सळईची रेघ उजळते. थेंबाथेंबाने पेटणारा उंट राहत नाही. आणि चाल तर संपलीच. त्या रोलरवर माझ्या वडिलांनी पट्ट्यांच्या लांबीचं माप सायकलच्या ट्यूबवर खडूने आखून घेतलं होतं. कुठल्या ओळीने किती वेळ जळायचं ते त्यात आहे.

जुना वायरमन
रोलर आम्हीही वापरलेत. एलईडी बल्ब क्षणभर उशिरा विझतो, आत थोडी वीज धरून ठेवणाऱ्या कपॅसिटरमुळे. माझ्या अनुभवात जलद चालीला ओळी एकमेकांत मिसळतात. मोटरीचा वेग निम्मा करा, मग उंट दमलेला पण चालताना दिसेल.

म्हणजे मी होकार दिला असं समजू नका. मुलांचा हात पोहोचेल तिथे, जमिनीपासून सहा फुटांपर्यंत, 230 व्होल्टचा एकही होल्डर नको. उंटाचे पाय नेमके तिथेच आहेत. तारा वर असतो, तो तुम्ही हवा तसा करा. उंटांना आणि गव्हाणीला 12 व्होल्ट, पॉवर सप्लाय जवळ. आणि स्वस्तातल्या चिनी माळांच्या नादी कुणी लागू नये. त्यात दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो, डब्यात नुसता एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर. माळ मधेच तुटली की उघड्या टोकाला मेनचा करंट असतो. कमिटीतले जे लोक त्या माळा घ्या म्हणतायत, त्यांना हे वाचून दाखवा.

कुंडलिकाकाठ
काका, पायांची अट मान्य. लेकराच्या हातापुढे माझी हौस मागे. 12 व्होल्टचेही सुटे छोटे एलईडी मिळतात, ते जुन्या होल्डरच्या जागी बसवून ठिपके तसेच ठेवता येतील. ओळी रोलरवरूनच फिरवीन. 12 व्होल्टवर पितळी पट्ट्यांवर ठिणगीही कमी उडेल. सप्लाय आणि डबा धरून खर्च 12 हजारांवर जाईल. रविवारी उपासनेनंतर एक उंट बाहेर काढतो. पहिल्या जोडणीच्या दिवशी तुम्ही आलात तर बरं होईल, येण्याजाण्याची सोय मी करीन.

पहाटफेरी
12 हजार. मी माझं मत बदललेलं नाही. कमिटीत हा ठराव आला तर मी विरोधात हात वर करीन, आणि भाड्याचे वाचलेले पैसे पुढच्या वर्षी चादरींना जातील असं त्याच कागदावर लिहून मागेन. ते लिहिलं गेलं तर उंट रंगवायला आमच्या मुली येतील.

जुना वायरमन
रविवारी येतो. टेस्ट लॅम्प आणि मल्टिमीटर माझा. अर्थिंगचा खड्डा आधी खणून ठेवा.